कानाचं रक्त

मेहेंदळे साहेबांचा सुलतान आधी खायचा थांबला, मग उठायचा थांबला, आणि चहाच्या रंगाचं मुतायला लागला तेव्हा बाईसाहेबांच्या डोळ्याला पदर लागला. सुलतान म्हणजे अल्सेशियन कुत्रा. उभा राहिला तर सोमीच्या कमरेला लागेल एवढा. बोईसर-तारापूर रस्त्यावरच्या एका चिकूच्या वाडीत साहेबांनी बंगला भाड्याने घेतला होता. समुद्राच्या बाजूला वीजघराचं मोठं काम निघालं होतं, त्या कामाला खडी नि सिमेंट पुरवणाऱ्या कंत्राटदाराचे हे साहेब. बंगल्यामागे पत्र्याची वखार, वखारीत सिमेंटच्या गोण्या, आणि सगळ्या वाडीला काटेरी तार.

सोमी बंगल्यात झाडलोट करायची, भांडी घासायची. तिचा नवरा चिंधू दिवे लागल्यापासून उजाडेपर्यंत राखण करायचा. दोघं वारली जमातीचे, पलीकडच्या पाड्यावरचे. पोरगी सफाळ्याकडे दिलेली, तिचं तिला पुरे झालेलं. खालच्या अंगाचं भाताचं शेत नव्या रस्त्याखाली गेलं, तेव्हापासून नवराबायकोचं पोट ह्या एका फाटकात अडकून पडलं होतं. सुलतानला रोज बोईसरच्या बाजारातून मटण येई. ते त्याच्या ताटलीत वाढताना सोमीच्या तोंडाला पाणी सुटायचं, पण ही गोष्ट तिने चिंधूलासुद्धा कधी सांगितली नव्हती.

सावे डॉक्टर आले ते साहेबांनी जीप धाडली म्हणून. पालघरच्या गुरांच्या दवाखान्यातला हा माणूस इकडचाच, एरवी सायकल मारत गोठे फिरणारा. त्यांनी सुलतानच्या कानाच्या कडेचे केस कातरले, स्पिरिटचा बोळा फिरवला आणि सुई टोचली. रक्ताचा थेंब वर आला तो काचेच्या पट्टीवर घेतला, आणि दुसऱ्या पट्टीच्या कडेने असा काही ओढला की थेंबाची पातळ जीभ झाली. सोमी फडकं हातात धरून बघतच राहिली. एवढ्याशा रक्तात काय वाचणार हा बाबा? भगत निदान मूठभर तांदूळ तरी पसरतो.

पण डॉक्टरांनी वाचलं. दुसऱ्या खेपेला आले ते औषधाची सुई घेऊनच.

“रक्तात किडे आहेत. डोळ्यांना दिसत नाहीत, दुर्बिणीत दिसतात. रक्ताच्या दाण्यात शिरतात आणि दाणा फोडतात, म्हणून लघवी लाल. सुई देतो, पण उशीर झालाय साहेब.”

उशीर झालाच होता. ऊन कलायच्या आत सुलतान गेला. चिंधूने चिकूखाली खड्डा खणला, बाईसाहेबांनी कपाटातून पांढरी चादर काढून दिली. सोमीच्या सासऱ्याला पुरला तेव्हा एवढं नवं कापड मिळालं नव्हतं. ती चादरीची टोकं नीट खोचत होती आणि मनात म्हणत होती, कुत्रा व्हावं तर ह्यांच्या घरचा.

ओटीवर साहेब सुलतानची रिकामी साखळी गुंडाळत बसले. मग म्हणाले, “हे किडे आले कुठून?”

“गोचिडीतून. आजारी कुत्र्याचं रक्त पिऊन गोचीड दुसऱ्यावर गेली की झालं.”

सगळ्यांच्या माना एकदम फाटकाकडे वळल्या. फाटकाशी चिंधूचा कुत्रा भुऱ्या बसला होता. मागच्या पायाने मान खाजवत होता, आणि गळ्यातलं पितळेचं घुंगूर खुळखुळ वाजत होतं. खाजवायला त्याला नेमकी हीच घडी सापडली.

“हा रोज आत येतो?” डॉक्टरांनी विचारलं.

“चिंधूबरोबर येतो,” बाईसाहेब म्हणाल्या. “मी पहिल्यापासून सांगत होते.”

साहेब आत गेले आणि बंदूक घेऊन आले. रागाने नाही, चष्मा आणायला जावं तसे गेले, तसेच आले. चिंधूच्या हातातलं फावडं गळून पडलं.

“सायेब, नको. त्याला काय नाय सायेब. चांगला हाय तो.”

“चांगला आहे हे तू कशावरून सांगतोस?”

चिंधूने हात जोडले. सावे डॉक्टरच मध्ये पडले. “थांबा साहेब. उगाच जीव कशाला घेता? ह्याचंही रक्त बघू. किडे निघाले तर तुम्ही म्हणाल ते. नाही निघाले तर ह्याचा दोष नाही.”

ते सुई घेऊन फाटकाकडे गेले. भुऱ्याने आधी दात दाखवले, आणि पुढचं पाऊल पडताच अशी झेप घेतली की डॉक्टरांच्या विजारीचा पाय टर्रकन फाटला. साहेबांनी बंदूक उचलली. सोमी धावली, कुत्र्याच्या गळ्याला मिठी मारून मातीत बसली. तिच्या हाताखाली तो गपगार झाला.

“बरं, मग तूच घे,” डॉक्टर लांबूनच म्हणाले. त्यांनी दोन काचा, सुई आणि स्पिरिटचा बोळा ओटीवर ठेवला. “बघितलंस ना कसं करायचं? अंग तापलेलं असेल तेव्हा घे, तेव्हा किडे सापडतात. पट्टी सुकू दे, कागदात गुंडाळ, जीपवाल्याकडे दे.”

“आणि तोवर कुत्रा तारेच्या आत यायचा नाही,” साहेब म्हणाले.

आता इथे ती गोष्ट सांगायला हवी, जी त्या वाडीत सोमी आणि चिंधू सोडून कुणालाही ठाऊक नव्हती. चिंधूला अंधार पडला की दिसत नव्हतं.

दिवसा काही नाही. दिवसा तो बांधावरून खेकड्याचं बीळ हेरील. पण सूर्य बुडाला की कुणी डोक्यावर काळं मडकं पालथं घातल्यासारखं होई. कंदील हातात असला तरी त्याला नुसता पिवळा डाग दिसे. मागच्या पावसाळ्यात हे सुरू झालं आणि वाढतच गेलं. राखणीचं काम मिळालं ते त्याच सुमाराला. सोडायचं तर खायचं काय? मग भुऱ्याच्या गळ्यात बैलाचं जुनं घुंगूर अडकवलं. कुत्रा पुढे, घुंगराच्या आवाजामागे चिंधू, अशी वाडीभोवती फेरी व्हायची. परका माणूस आला की भुऱ्या गुरगुरायचा, साहेब आले की कुंईकुंई करायचा, आणि त्यावरून चिंधू काठी आपटायची की सलाम ठोकायचा ते ठरवायचा. साहेब पाहुण्यांना कौतुकाने सांगत, “आमचा चिंधू चाहुलीवरून माणूस ओळखतो.”

रातआंधळा राखणदार! कुणाला सांगितलं तर पोट धरून हसेल. सोमीला मात्र हसू येत नसे. रोज सांज झाली की ती वाडीकडे कान लावून बसायची.

कुत्र्याला आत बंदी झाल्यावर नवीनच सोंग सुरू झालं. भुऱ्या तारेच्या बाहेरून चालायचा आणि चिंधू आतून. मध्ये काटे. घुंगूर लांब गेलं की चिंधू तारेवर जायचा. सकाळी घरी यायचा तेव्हा दंडावर ओरखडे असायचे. सोमी त्यांना हळद लावायची.

त्यात भुऱ्या मलूल झाला. भाकर हुंगून बाजूला सारायला लागला. सोमीने त्याला मांडीवर आडवा घेतला आणि कानाच्या आतून, पायाच्या बोटांतून गोचिडी वेचून रॉकेलच्या डबड्यात टाकल्या. काही उडदाएवढ्या, काही फुगून बोराएवढ्या झालेल्या. एक फुटली आणि तिच्या बोटावर रक्त आलं. हे कुणाचं रक्त? भुऱ्याचं, की सुलतानचं? तिने त्याच्या नाकाला हात लावून पाहिला. नाक गरम होतं.

काचा कुडात खोचलेल्या होत्या. रक्त घ्यावं आणि त्यात किडे निघावे, तर गोळी. घेऊ नये, तर साहेब म्हणणार, काहीतरी लपवतायत, म्हणून गोळी. इकडे आड तिकडे विहीर, आणि मधल्या बांधावर चिंधू, तोही आंधळा.

ती सुका भगताकडे गेली. सुका अंगणात गवताचा दोर वळत बसला होता. त्याने हात पुसले, सुपात तांदूळ घेतले, बोटाने दाणे इकडेतिकडे सारले आणि मान हलवली.

“रगत मागतो.”

“कोण मागतो?”

“मागणारा मागतो. तुला नाव काय करायचं हाय? जिवाला जीव दे. कोंबडीचं पिलू काप, त्याचं रगत दाखीव. कुत्रा सुटंल.”

ह्यात सोमीला नवल वाटण्यासारखं काहीच नव्हतं. पोरगी लहानपणी तापाने फणफणली होती तेव्हा पिलू दिलं होतं, आणि पोरगी वाचली. चिंधूला विंचू डसला तेव्हा दिलं, चिंधू वाचला. माणसाच्या जिवाबदली देव कोंबडीच्या पिलाचं रक्त मुकाट्याने घेतो, हिशेब मागत नाही. परतताना वाटेत हे तिच्या डोक्यात घोळत राहिलं, आणि पाड्याजवळ येईतो ते अगदी स्वच्छ झालं. देवाला चालतं, तर डाक्तरला का नाय चालणार? तो काय देवापेक्षा मोठा लागून गेला?

घरात एकच पिलू उरलं होतं, काळं, नुकतं पंख फुटलेलं. तिने घरच्या हिरव्या देवाचं नाव घेतलं, पाण्याचा थेंब त्याच्या डोक्यावर सोडला आणि विळ्यावर मान धरली. पहिला थेंब काचेवर घेतला. दुसऱ्या काचेच्या कडेने ओढला. जीभ अशी सुरेख निघाली की डॉक्टरांचीही निघाली नव्हती. आपल्याला हे जमलं ह्याचा तिला, खरं सांगायचं तर, थोडा गर्वच वाटला.

चिंधू उठून बसला होता. “घेतलंस रगत?”

“घेतलं.”

“त्याचंच ना?”

सोमी चुलीत फुंकर घालत राहिली. “घेतलं म्हटलं ना.”

त्या दुपारी घरात कालवण झालं. हाडं भुऱ्यासमोर टाकली आणि त्याने ती कडाकडा फोडून खाल्ली, वर भांडंही चाटलं. बघ, सोमी मनात म्हणाली, सुटला. देवाने घेतलं, आता डॉक्टर घेईल. तिने काच कागदात गुंडाळली आणि जीपवाल्याच्या हातात दिली.

निरोप आला तो मात्र भलताच. जीपवाला म्हणाला, “रक्त नीट आलं नाही म्हणतात. कुत्र्याला घेऊन बाईनेच दवाखान्यात यायचंय. उद्याच.”

सोमीच्या हातातला झाडू थांबला. चोराच्या मनात चांदणं. तिला वाटलं, ओटीवरचे सगळे आपल्याकडेच बघतायत. पण साहेब वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, “मग जा. जीप मिळायची नाही, कामावर आहे.”

“आणि असती तरी त्या कुत्र्याला मी जीपमध्ये बसू दिलं नसतं,” बाईसाहेब म्हणाल्या.

सकाळी चिंधू राखणीवरून आला तेव्हा सोमी भुऱ्याच्या गळ्यात दोरी बांधत होती. तो दारातच उभा राहिला.

“तू त्याला घेऊन चाललीस. नि सांज झाली तर?”

“सांजच्या आत येते.”

“नाय आलीस तर?”

“पोटात दुखतं म्हण. जाऊ नको राखणीला.”

“परवा म्हटलेलं. आज सिमेंटचा ट्रक यायचा हाय. सायेब म्हणाले, आज दांडी मारलीस तर उद्या येऊ नको.” त्याने दंडावरचे ओरखडे चोळले. “सोमे, ये गं लवकर.”

“येते म्हटलं ना.”

दिवाळी होऊन गेली होती. गवत कापणीचे दिवस. रुळाच्या कडेने चालताना दोन्ही बाजूंना माळ पिवळे पडलेले, आणि गवताच्या भाऱ्यांनी लादलेल्या गाड्या पालघर स्टेशनाकडे करकरत चाललेल्या. उमरोळीशी तिने भुऱ्याला डबक्यावर पाणी पाजलं. आगगाडी गेली की तो तिच्या पायात शिरायचा. जन्मात त्याने एवढं मोठं जनावर पाहिलं नव्हतं. पायात खडी रुतत होती. पण सकाळचा गारवा होता, कुत्रा चांगला चालत होता, आणि दुपारच्या आत परत फिरू असं सोमीला वाटत होतं.

दवाखान्यात डॉक्टर नव्हते.

“शिरगावला गेलेत,” शिपाई म्हणाला. “म्हैस अडली आहे. बस तिकडे.”

ती पिंपळाखाली बसली. ऊन माथ्यावर आलं, माथ्यावरून सरकलं. एक बकरी आली, तिला बघून भुऱ्या भुंकला, शिपाई खेकसला. सोमीने पदरातली भाकर काढली, अर्धी कुत्र्याला दिली, उरलेली परत पदरात बांधली. पिंपळाची सावली पायापाशी होती ती हळूहळू लांबत विहिरीकडे गेली. उठून जावं, तर सगळं फुकट. थांबावं, तर तिकडे सांज होणार. माणसाला दोन ठिकाणी राहता येत नाही, ह्याचा तिला त्या दिवशी फार राग आला.

डॉक्टर आले तेव्हा उन्हाचा पिवळा रंग झाला होता. कोपरापर्यंत हात चिकट, सदऱ्यावर शेण. त्यांनी हात धुतले, तिला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

“हे कुणाचं रक्त आणलंस?”

“कुत्र्याचं.”

“अगो, मग कुत्र्याला पिसं फुटलीत का?”

सोमीने मान खाली घातली. डॉक्टरांनी टेबलावरची दुर्बीण तिच्याकडे सरकवली. “इथे डोळा लाव. ये, घाबरू नकोस. दुसरा डोळा मीट.”

आधी तिला आपल्याच पापण्या दिसल्या. मग एकाएकी उजेड झाला, आणि उजेडात दाणेच दाणे. लांबट, गुलाबी, आणि प्रत्येक दाण्याच्या पोटात एक जांभळं बी.

“पाखराच्या रक्तात असं बी असतं, प्रत्येक दाण्यात. कुत्र्याच्या रक्तात नसतं, तुझ्यामाझ्या रक्तातही नसतं. वडाची साल पिंपळाला लावलीस बाई, पण झाड बोलतं ना! साहेबांना मी काही बोललो नाही. नुसतं म्हटलं, नीट आलं नाही.” ते स्टुलावर बसले. “का केलंस?”

तिला वाटलं होतं, ते ओरडतील. ओरडले असते तर ती गप्प राहिली असती. पण हा माणूस दमलेला होता, त्याच्या सदऱ्यावर शेण होतं, आणि तो खरंच विचारत होता.

“भगत म्हणाला पिलाचं रगत दाखीव. देवाला चालतं, म्हटलं तुमालाबी चालंल. तो कुत्रा गेला तर माझा नवरा गेला, डाक्तर. त्याला सांजपास्नं दिसत नाय. राखण कुत्राच करतो. सायेबाला सांगू नका, तुमच्या पाया पडते.”

डॉक्टर उठले. त्यांनी सुई घेतली. सोमीने लुगड्याच्या पट्टीने भुऱ्याचं तोंड बांधलं, त्याचं डोकं छातीशी धरलं, आणि ह्या वेळी खरा थेंब काचेवर आला. मग पट्टी सुकायची, तिच्यावर निळाजांभळा रंग ओतायचा, तो मुरू द्यायचा, पाण्याने धुवायचा. सोमीचं लक्ष रंगाकडे नव्हतं, खिडकीकडे होतं. भिंतीवरचं ऊन वर वर चढत होतं.

“जरा धीर धर. हे घाईने होत नाही.”

शेवटी त्यांनी डोळा लावला. पट्टी इकडे सरकवली, तिकडे सरकवली. भुऱ्या जमिनीवर बसून पंजाने तोंडाची पट्टी काढायला बघत होता.

“बघ तूच.”

ह्या वेळी दाणे गोल होते, आणि सगळे रिकामे. निर्मळ धुतलेल्या ताटल्यांसारखे.

“काही नाही ह्याच्यात. मला तरी एकही किडा सापडला नाही. कानाचं खरं रक्त आधीच दिलं असतंस तर ही पायपीट वाचली असती.”

सोमी खाली बसली आणि रडली. भुऱ्या तिचं तोंड चाटायला आला, पण त्याचं तोंड बांधलेलं होतं.

डॉक्टरांनी कागदावर चार ओळी लिहून सही केली. मग कपाटातून एक बाटली काढली. “हे तुझ्या नवऱ्याला दे. वासरांना देतो आम्ही, माशाच्या काळजाचं तेल, सातपाटीकडचं. माणसाचा डॉक्टर मी नव्हे, पण रातआंधळेपणाला हेच लागतं. रोज चमचाभर. महिना-दोन महिन्यांत फरक पडेल. आणि त्याला एकदा मोठ्या दवाखान्यात दाखव.”

बाटली, कागद, कुत्रा. सगळं मिळालं होतं. फक्त ऊन संपत आलं होतं. सोमी निघाली ती पळतच. उमरोळी मागे पडली तेव्हा सूर्य ताडांच्या शेंड्यांवर होता. कापणीवरून परतणाऱ्या बाया वाटेत भेटल्या, कुणी हाक मारली, “सोमे, वाघ लागलाय का मागं?” तिने मागे पाहिलं नाही. तळव्याला काहीतरी कापलं, तेही पाहिलं नाही. बरगडीत कळ येत होती आणि भुऱ्या दोरी ओढत पुढे धावत होता, जणू त्यालाही ठाऊक होतं.

बोईसरला दुकानांतून दिवे लागले होते.

वाडीच्या वळणावर ती पोचली तेव्हा अंधार चांगला दाटला होता. ओटीवर गॅसची बत्ती होती, तिचा उजेड फाटकापर्यंत येत होता. फाटकाच्या आत चिंधू उभा होता, आणि त्याच्यासमोर साहेब. ट्रक गेल्यावर वखारीला कुलूप लावून साहेबांनी किल्ल्या त्याच्यापुढे धरल्या होत्या. आणि चिंधूचा हात त्या किल्ल्यांच्या वीतभर अलीकडे, हवेत, चाचपत होता.

“घे ना,” साहेब म्हणाले.

“घेतो सायेब.” हात आणखी डावीकडे गेला.

साहेबांनी किल्ल्या खाली घेतल्या. मग अजिबात आवाज न करता ते दोन पावलं बाजूला झाले. चिंधू रिकाम्या जागेकडे बघून म्हणाला, “सायेब, आज जरा डोळ्यात कचरा गेला.” ओटीवर बाईसाहेबांना एकदम हसू फुटलं, आणि मग कळलं तेव्हा त्यांनी तोंडावर हात धरला. साहेबांनी चिंधूच्या तोंडापुढे पंजा हलवला. चिंधू हसतमुखाने तसाच उभा राहिला, सलाम करून.

सोमीला वाटलं, धरणीने आपल्याला पोटात घ्यावं.

साहेबांनी तिला ओटीवर बोलावलं. चिंधूला म्हणाले, तू फाटकाशी बस. त्यांनी डॉक्टरांचा कागद बत्तीपाशी धरून वाचला, घडी घातली.

“कुत्रा निरोगी आहे.”

“होय सायेब.”

“आणि हा? कधीपासून फसवताय मला?”

“तो बरा होईल सायेब. डाक्तरनी तेल दिलंय. दोन महिने...”

“बरा होऊ दे, मग बघू. आंधळ्याच्या भरवशावर मी वखार सोडू का? तूच सांग.” साहेब वाईट माणूस नव्हता, हेच वाईट होतं, त्याच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. “तुझं काम आहे तसं चालू राहील. कुत्रा मात्र इथेच राहील. इतके दिवस राखण करत होता तो कुत्राच ना? मग राखणदार तोच.”

“सायेब, तो त्याचा डोळा हाय.”

“कुत्रा नसेल तर मला गुरखा ठेवावा लागेल, आणि गुरख्याची बायको मग झाडलोट करील. विचार कर.”

काय विचार करायचा होता? बाईसाहेबांनी सुलतानचा चामडी पट्टा आणि साखळी आणली. त्याच ताटलीत मटणरस्सा कालवलेला भात आणला. दिवसभर चाललेला भुऱ्या तो बघून सोमीचा हात विसरला. पट्टा त्याच्या मानेला सैल होत होता, शेवटच्या भोकात अडकवावा लागला. बाईसाहेबांनी त्याच्या गळ्यातलं घुंगूर सोडलं आणि सोमीला दिलं.

“हे घेऊन जा. रात्री झोपमोड होते.”

चिंधू फाटकाजवळच्या दगडावर बसला होता. पावलांचा आवाज ऐकून त्याने मान वर केली, पण तिच्याकडे नाही, जरा बाजूला.

“सोमे?”

“हां.”

“काय म्हणाले?”

“घरी चल म्हणाले. रगत चांगलं निघालं.”

“निघालं ना? मी म्हटलेलं.” त्याचा चेहरा उजळला. “भुऱ्या कुठं हाय?”

सोमीच्या मुठीत घुंगूर होतं. ते तिने हलवलं.

“चल,” ती म्हणाली.

ती पुढे झाली. आवाज कुत्र्याच्या उंचीवरून यायला हवा, म्हणून कमरेत वाकली, हात गुडघ्याखाली सोडला आणि चालता चालता घुंगूर वाजवत राहिली. पाठ मोडून येत होती. कनवटीला तेलाची बाटली टोचत होती. मागून चिंधूची काठी टकटक येत होती, भरवशाने, रोजच्यासारखी.

“लंगडतो का गं तो? चाल बदललीय.”

“दमलाय. पालघर करून आला.”

रस्ता संपून शेताचा बांध लागला. तेवढ्यात मागे, वाडीकडून, कुत्र्याचं रडणं सुरू झालं. लांब, वर चढत जाणारं, थांबून पुन्हा चढणारं. काठीची टकटक थांबली.

“मागं कोण रडतं?”

“सायेबाचा कुत्रा.”

“सायेबाचा कुत्रा तर मी पुरला,” चिंधू म्हणाला.

सोमी वाकलेलीच राहिली. हातातलं घुंगूर थांबलं होतं. अंधारात नवऱ्याचा श्वास ऐकू येत होता, आणि मागचं ते रडणं. मग चिंधूने काठीचं टोक पुढे सरकवून बांधाची कड चाचपली.

“वाजव, सोमे,” तो म्हणाला. “मला दिसत नाय.”